‘फुल कव्हर’ची गाडी आणि ऊडनाडाटाचा कच्चा रस्ता

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात, भाड्याची फोर बाय फोर गाडी घेऊन तंबूत मुक्काम करत फिरण्याचा बेत आखणाऱ्यांनी एक गोष्ट पैसे भरण्यापूर्वीच समजून घ्यावी. कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची परवानगी आणि त्या रस्त्यावर झालेल्या नुकसानीची हमी या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि काही भाडेवाले या दोहोंमधल्या फटीतूनच पैसे काढतात. आम्हा नवराबायकोला तो फटका बसला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. व्यवसायाचे नाव देत नाही, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही.

टपावर तंबू बसवलेली गाडी आम्ही अ‍ॅडलेडहून घेतली. फ्लिंडर्स पर्वतरांगेजवळून मारी हे गाव गाठायचे, तिथून ऊडनाडाटा ट्रॅकने मार्लापर्यंत जाऊन स्टुअर्ट हायवेने परतायचे, असा मार्ग होता. मारी ते मार्ला हे सुमारे ६२० किलोमीटर अंतर कच्च्या रस्त्याचे आहे, हे माहीत असल्यामुळे पत्नीने फोनवर स्पष्ट विचारले आणि नंतर तोच प्रश्न ईमेलनेही पाठवला. ‘ट्रॅक उघडा असेल तर हरकत नाही, आमची सगळी गिऱ्हाइके तिकडेच जातात,’ असे उत्तर आले. त्यावर दररोज वेगळी रक्कम आकारून ‘फुल कव्हर’ही (नुकसानीची पूर्ण हमी) गळ्यात मारण्यात आले आणि ३,५०० डॉलरची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवण्यात आली.

प्रवासाबद्दल तक्रार करायला जागा नाही. जुन्या घान रेल्वेच्या ओसाड स्थानकांच्या कडेने तो रस्ता जातो. कोवर्ड स्प्रिंग्जला भूगर्भातून वर येणाऱ्या पाण्याशेजारी मुक्काम करता येतो, आणि पुढे विल्यम क्रीकपासून ऊडनाडाटापर्यंत सुमारे २०० किलोमीटर पेट्रोल पंप नाही. ज्या उंटांच्या काफिल्यांवर हा सारा मुलूख उभा राहिला, ते हाकणारे लोक १८६० नंतर बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा भागांतून आलेले होते, हे मारीत समजल्यावर आम्हाला उगीचच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. रस्ता मात्र पन्हळी पत्र्यासारखा होतो. टायरमधली हवा कमी करून आणि वेग आवरूनही गाडी तासन्‌तास थरथरते, समोरून येणारे वाहन खडी उडवते. काचेला टवका जाणे किंवा टायर फाटणे इथे अपघात मानले जात नाही, ते गृहीतच धरलेले असते. हे भाडेवाल्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

गाडी परत केली तेव्हा आवारात कोणीही नव्हते. किल्ली पेटीत टाकून जावे, असा निरोप होता. आमच्या मते ही अनुपस्थिती ठरवून केलेली होती, कारण गाडी दोघांच्या समक्ष तपासली गेली नाही की पुढे काहीही दाखवता येते. काही दिवसांनी ईमेल आला. पुढच्या काचेला टवका, गाडीच्या पोटाला मार, दुरुस्तीच्या काळात बुडालेले भाडे आणि वर ‘प्रशासकीय शुल्क’, असा हिशेब मांडून संपूर्ण अनामत जप्त केली होती. फुल कव्हरचे काय, असे विचारले असता करारातील कलम दाखवण्यात आले: काच, टायर, गाडीचे पोट आणि छत यांना संरक्षण नाही, आणि वेगळ्या छापील नमुन्यावर परवानगी घेतल्याशिवाय कच्च्या रस्त्यावर गाडी नेल्यास सर्वच संरक्षण रद्द. ईमेलमधले ‘हरकत नाही’ म्हणजे तो नमुना नव्हे, असे त्यांचे म्हणणे. गाडी कुठून कुठे गेली याची जीपीएस नोंदही त्यांनी तत्परतेने जोडली होती.

पुढचा भाग निव्वळ लबाडीचा आहे. काचेवरचा तो टवका आम्ही गाडी ताब्यात घेताना केलेल्या व्हिडिओत आधीपासूनच दिसत होता. गाडीच्या पोटाच्या छायाचित्रात तर मागे ट्रेलर जोडण्याचा आकडा दिसतो, आणि आमच्या गाडीला तसा आकडाच नव्हता. म्हणजे छायाचित्र दुसऱ्याच गाडीचे होते. हे लेखी कळवल्यावर उत्तरे येणे बंद झाले.

आम्ही बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत नोंदवली आणि व्हिडिओ, ईमेल, छायाचित्रे असे सारे जोडून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ‘कन्झ्युमर अँड बिझनेस सर्व्हिसेस’ या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली. तेथील ग्राहक कायद्यानुसार छापील करारातील अन्याय्य अटी रद्दबातल ठरू शकतात, आणि नोव्हेंबर २०२३ पासून अशा अटी वापरणाऱ्याला दंडही होऊ शकतो. दिशाभूल करणारी आश्वासने तर आधीपासूनच बेकायदेशीर आहेत. म्हणून रस्त्याचे नाव घालून दोन वेगळे प्रश्न ईमेलने विचारावेत: या रस्त्यावर गाडी नेता येईल का, आणि तिथे काच, टायर व पोट यांचे नुकसान झाल्यास आमच्याकडून जास्तीत जास्त किती रक्कम घ्याल? दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. मोबाइल जमिनीलगत धरून गाडीच्या पोटाचेही चित्रण करावे, त्यात ओडोमीटर आणि नंबरप्लेट यावी, आणि परत करताना कोणी नसेल तर त्याच जागेवर पुन्हा तसेच चित्रण करून ते लगेच पाठवून द्यावे.

काचेची रक्कम बँकेमार्फत परत मिळाली आहे. गाडीच्या पोटाच्या नावाखाली कापलेल्या पैशांबाबत दुरुस्तीचे मूळ बिल आणि त्यावरील गाडीचा क्रमांक मागितला आहे. यांपैकी काहीही अद्याप मिळालेले नाही.