खरेदीआधी कंपनीचं राजकारण दाखवणारं अॅप: पाचपैकी तीन तारे

बारकोडवर कॅमेरा धरायचा, की ही वस्तू कुणाची, त्या कंपनीमागे कोण आहे आणि तिचा पैसा कुठल्या राजकारणात जातो हे समोर येतं. काम एवढंच. 'बायकॉट' नावाचं अमेरिकन अॅप २०१३ मध्ये गाजलं, त्यानंतर अशी बरीच निघाली. मी वापरते ते त्यातलंच एक. भाच्याने फोनमध्ये घालून दिलं. माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा. आकडा दिसला की तो कुठल्या कागदावरून आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि हे परीक्षण त्याच नजरेने लिहिलंय.

आधी माझी बाजू सांगते. खरेदीत राजकारण आणू नये, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मी दिलेल्या पैशातून एखादी कंपनी कामगारांची संघटना मोडत असेल, किंवा मला अन्यायाचा वाटणारा कायदा व्हावा म्हणून खर्च करत असेल, तर त्या खर्चात माझाही वाटा आहे. तो वाटा काढून घेण्याचा मला हक्क आहे. म्हणूनच असं अॅप हवं होतं. पण हक्क बजावायचा तर माहिती खरी आणि नेमकी हवी. या अॅपचं बळ आणि उणीव दोन्ही तिथेच आहे.

बळ आधी. बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून वस्तू कुठल्या देशात बनली ते ओळखा, असे निरोप मोबाइलवर कायम फिरत असतात. ते चुकीचे आहेत. त्या आकड्यांवरून फक्त एवढंच कळतं की कंपनीने आपला क्रमांक जीएस१ या संस्थेच्या कुठल्या देशातल्या शाखेकडून घेतला. माल तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात बनलेला असू शकतो. हे अॅप त्या फंदात पडत नाही. अख्खा तेरा आकडी क्रमांक घेऊन ते कंपनी शोधतं आणि तिथून मालकीची साखळी वर नेतं. टूथपेस्टची नळी स्कॅन केली तेव्हा नळीवरचं नाव, त्याखाली ते नाव वापरणारी कंपनी, तिच्यावर तिची पालक कंपनी, अशी शिडी दिसली. एरवी ही शिडी शोधायला वार्षिक अहवालाची मागची पानं चाळावी लागतात.

ही शिडी का महत्त्वाची, ते 'द बॉडी शॉप'च्या बाबतीत दिसलं. अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला सुरू केलेलं हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान प्राण्यांवर चाचण्या नकोत या भूमिकेसाठी ओळखलं जायचं. २००६ मध्ये ते लॉरेआल या फ्रेंच कंपनीने विकत घेतलं, आणि लॉरेआलमध्ये नेस्लेचा मोठा हिस्सा. अनेक निष्ठावान गिऱ्हाइकांनी तेव्हा पाठ फिरवली. दुकानातल्या बरण्या त्याच होत्या, बदलली होती ती मालकी. पुढे २०१७ मध्ये लॉरेआलने ते नातुरा या ब्राझीलच्या कंपनीला विकलं. म्हणजे शिडी ताजी नसेल तर माणूस ज्याच्यावर रुसलाय तो मालक कधीच निघून गेलेला असतो. या अॅपमध्ये शिडीखाली 'शेवटची पडताळणी' अशी तारीखच नाही. बिनतारखेचा कागद मी कामात स्वीकारत नाही, इथेही स्वीकारणार नाही.

आता रंगाकडे येते. प्रत्येक कंपनीला हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका मिळतो, आणि बहुतेक लोक त्यापुढे बघतच नाहीत. भाचा तर ठिपका पाहून हातच मागे घेतो. 'मावशी, लाल आला, ठेव परत.' मी म्हटलं, 'थांब रे, लाल कशाने झाला ते उघड की.' उघडलं तर राजकीय देणग्यांचा एकच मोठा आकडा, 'कंपनीच्या देणग्या' या शीर्षकाखाली. कंपनी अमेरिकन होती, म्हणून मी मुळाशी जाऊ शकले, कारण तिथल्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. तिथे केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला कंपनीने स्वतःच्या तिजोरीतून पैसे द्यायला १९०७ पासून कायद्याने बंदी आहे. कंपनीची राजकीय समिती असते, तिच्यात अधिकारी-कर्मचारी आपापल्या खिशातून पैसे घालतात आणि ते पुढे वाटले जातात. याशिवाय एखाद्या व्यक्तीने दोनशे डॉलरच्या वर देणगी दिली तर तिच्या नावापुढे ती कुठे नोकरी करते तेही नोंदवतात. अॅपने हे सगळं एकत्र ओतलं होतं. समितीने दिलेले पैसे, सर्वोच्च अधिकाऱ्यांनी दिलेले पैसे, आणि नोकरीला कुठे आहे एवढ्याच नात्याने मोजलेल्या माणसांचे पैसेही.

ही तीन वेगळी खाती आहेत. समितीचा पैसा कुठे जावा हे कंपनीचं व्यवस्थापन ठरवतं, त्याचा जाब कंपनीला विचारावा. कंपनीचा प्रमुख स्वतःच्या संपत्तीतून कुणाला रग्गड पैसे देत असेल तर ती संपत्ती माझ्यासारख्यांच्या खरेदीतून आलेली आहे, तिथेही मी विचार करेन. पण गोदामातल्या एखाद्या पर्यवेक्षकाने आपल्या पसंतीच्या उमेदवाराला पगारातून चार पैसे दिले, तर तो त्याचा नागरिक म्हणून हक्क. त्याचा दोष कंपनीच्या नावे टाकून मी दुकान बदलायचं, हे मला साफ नामंजूर आहे. खाती वेगळी दाखवली असती तर त्या कंपनीचा ठिपका माझ्या हिशेबाने पिवळा झाला असता.

ठिपक्याचा आणखी एक घोळ शाखा-परवान्यांचा, म्हणजे कंपनीचं नाव वापरण्याचा परवाना घेऊन दुसऱ्यांनी चालवलेल्या दुकानांचा. ऑक्टोबर २०२३ नंतर मॅकडोनल्ड्सवरच्या बहिष्काराचं उदाहरण घ्या. इस्रायलमधल्या परवानाधारकाने सैनिकांना फुकट जेवण दिल्यावरून तो पेटला. पण तिथला परवानाधारक वेगळा आणि मलेशियातला, कुवेतमधला वेगळा. या बाकीच्यांना जाहीर सांगावं लागलं की तो निर्णय आमचा नव्हे. शेवटी २०२४ मध्ये मूळ कंपनीने इस्रायलमधली २२५ रेस्टॉरंट त्या परवानाधारकाकडून स्वतःकडे घेतली. बहिष्कार टाकणाऱ्यांचं म्हणणं होतं की परवान्याचा पैसा शेवटी वरच जातो, मग वरच्यालाही झळ लागू दे. हे म्हणणं मला पोकळ वाटत नाही. पण झळ आधी त्या त्या गावातल्या काउंटरवरच्या मुलामुलींना लागते, हेही तितकंच खरं. निदान समोरचं दुकान कंपनीचं की परवानाधारकाचं, हे अॅपने सांगायला हवं. ते सांगत नाही.

आता सर्वात गंभीर भाग, 'मोहिमा'. अॅपमध्ये कुणीही मोहीम सुरू करू शकतं, आपण तिच्यात सामील झालो की त्या यादीतल्या वस्तू आपोआप लाल दिसतात. काही मोहिमा उत्तम आहेत. कंपनीने काय केलं, पुरावा कुठला, आणि मागणी काय, सगळं लिहिलेलं. अशी लिहिलेली मागणी हीच मी खूण धरते. नेस्लेवरचा बहिष्कार १९७७ मध्ये सुरू झाला तो तान्ह्या मुलांच्या पावडरच्या दुधाच्या आक्रमक जाहिरातींवरून. जागतिक आरोग्य संघटनेची संहिता १९८१ मध्ये आली, ती पाळण्याचं कंपनीने मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार थांबवला, शब्द पाळला नाही या आरोपावरून १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला. बार्कलेज बँकेविरुद्ध ब्रिटनमधले विद्यार्थी वर्षानुवर्षं उभे होते, मागणी एकच: वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. १९८६ मध्ये बँक बाहेर पडली. आपल्याकडच्या १९०५ च्या बहिष्काराचीही मागणी स्पष्ट होती, बंगालची फाळणी रद्द करा, आणि १९११ मध्ये ती रद्द झाली. या सगळ्यांत समोरच्याला सुटायची वाट होती.

पण त्याच यादीत मला अशीही एक मोहीम दिसली जिच्यात दुकानांची आणि मालकांची नावं होती आणि बाकी काहीही नव्हतं. ना कृत्य, ना पुरावा, ना मागणी. आडनावं वाचली की मोहीम कशासाठी आहे ते कळत होतं. ही माणसं ज्या घरात जन्मली तेवढाच त्यांचा गुन्हा. १ एप्रिल १९३३ ला जर्मनीत ज्यूंच्या दुकानांपुढे गणवेशातली माणसं फलक घेऊन उभी राहिली आणि गिऱ्हाइकांना आत जाऊ नका म्हणू लागली. त्या दुकानदारांनी काय केलं म्हणजे ती माणसं दारातून हटली असती? काहीच नाही. त्यांच्याकडे मागणीच नव्हती. मी या मोहिमेची तक्रार केली. ती अजून तिथेच आहे, आणि एक तारा मी याच एका कारणासाठी कापलाय. जन्मावरून लाल रंग देण्याची सोय ज्या अॅपमध्ये राहते, त्याला राजकीय जाणिवेचं साधन म्हणवून घेता येणार नाही.

परिणामाबद्दल थोडंसं. अॅप आपल्याला 'तुम्ही इतके पैसे वळवले' असा आकडा दाखवतं. तो पाहून बरं वाटतं, पण त्यावर विसंबू नका. २०२० मध्ये अमेरिकेत गोया या कंपनीच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केल्यावर बहिष्कार आणि मुद्दाम खरेदी दोन्ही पेटलं. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की विक्री उलट २२ टक्के वाढली, आणि तीन आठवड्यांत ती वाढही विरली. विक्रीपेक्षा कंपनी बदनामीला जास्त घाबरते, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. माझ्या मते, दुकान बदललं तर का बदललं ते कंपनीला लिहून कळवावं. अॅपमध्ये त्यासाठी तयार पत्राचं बटण आहे आणि ते खरोखर कामाचं आहे. पत्र आपल्या शब्दांत दुरुस्त करता येतं. मी पाठवलेल्या एका पत्राला कंपनीकडून सविस्तर उत्तर आलं, पुरवठादारांच्या यादीसकट.

आणि एक इशारा. आपण कुठल्या मोहिमेत आहोत, काय स्कॅन करतो, हे सगळं अॅपकडे साठतं. ही आपल्या राजकीय मतांची नोंदवहीच आहे. स्थान कळवण्याची परवानगी देऊ नका, त्याविना स्कॅनिंग व्यवस्थित चालतं. खातं पुसायची सोय आहे, पण सेटिंगच्या तळाशी.

बनवणाऱ्यांना मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या: मालकीच्या शिडीवर पडताळणीची तारीख घाला, देणग्यांची खाती वेगळी दाखवा, आणि कृत्य, पुरावा, मागणी हे तीन रकाने भरल्याशिवाय मोहीम सुरूच होऊ देऊ नका. तारखेचं काम हाती घेतलंय असं उत्तर आलं. बाकीच्या दोहोंबद्दल काही नाही. तोवर मी शिडी आणि पत्र एवढंच वापरतेय, मोहिमा आणि ठिपके सेटिंगमधून बंद केलेत.