कापडी डायपर, खारं पाणी अन् धुवायचं कोणी

आधी निकाल सांगते, मग कहाणी. घ्या, पण पूर्ण सेट घेऊ नका. वरचं कव्हर विकत घ्या, आतले पॅड घरीच करा. आणि धुणार कोण, हे पैसे भरायच्या आधी घरात ठरवून घ्या.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात राहतो, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणी खारं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण मोबाईलवर कापडी डायपरचं कौतुक करणाऱ्या बहुतेक बाया पुण्या-मुंबईच्या दिसतात. त्यांच्या घरी मशीन आहे, बाल्कनी आहे, नळाला गोडं पाणी आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. धरणाचं गोडं पाणी नळाला येतं तेव्हा येतं, आणि आलं की ते प्यायला अन् स्वयंपाकाला. धुणं सगळं बोअरवर. त्यामुळे हा रिव्ह्यू खाऱ्या पाण्यातला आहे असं समजून वाचा. दुसरं म्हणजे मी घरी ब्लाऊज-फ्रॉक शिवते. शिवलेली कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून शिवण पाहायची मला सवय आहे.

पाकीट दर्यापूरहून आणावं लागलं, गावात कुरियरवाला येत नाही. पाच कव्हरं, पाच पॅड, ओले कपडे ठेवायची एक पिशवी आणि एक चकचकीत पत्रक. एक डायपर पाचशेच्या घरात पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, याच बनावटीचे बरेच ब्रँड बाजारात आहेत आणि मी म्हणते ते थोड्याफार फरकानं सगळ्यांना लागू पडेल. सासऱ्यांनी पाकीट हातात घेऊन 'ऑरगॅनिक कापूस' एवढं वाचलं आणि म्हणाले, "कापूस आपला, अन् लंगोट दिल्लीचा. वा रे वा!" खरं पाहिलं तर तो कापूसही आपला नव्हे. आमच्या वावरात बीटी, आणि ऑरगॅनिकच्या प्रमाणपत्राला बीटी चालत नाही. पण ते मी तेव्हा बोलले नाही.

कव्हर चांगलं आहे, मनापासून सांगते. बाहेरून पॉलिस्टर, आतून पॉलियुरिथेनचा पातळ थर. ओल बाहेर येऊ देत नाही, वाफ थोडीफार जाऊ देतो. मांड्यांना इलॅस्टिक दुहेरी, आणि ते पट्टीत मोकळं सोडलंय, कापडावर ताणून शिवलेलं नाही. त्यामुळे लेकराच्या मांडीवर वळ उठत नाहीत. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या तीन ओळी आहेत, लेकरू वाढलं की ओळ बदलायची. तीन महिन्यांची असताना घेतलेलं कव्हर माझ्या पोरीला ती चालायला लागल्यावरही बसतं. शिवणीत एकच खोट सापडली. कमरेच्या टोकाला टीप उलटी मारून पक्की केलेली नाही, तिथून धागा निघतो. मी घरी दोन टीपा मारून घेतल्या.

पॅडनं मात्र निराशा केली. वरून सुती, आत मायक्रोफायबर. मायक्रोफायबर मूत पटकन पितं, पण लेकरू बुड टेकवून बसलं, वर दाब आला, की तेवढ्याच पटकन परत सोडतं. झोपलेल्या लेकराला ठीक, रांगणाऱ्याला नाही. नुसते सुती पॅड घेतले तर ते निदान चार-सहा वेळा धुवून वाळवल्याशिवाय वापरू नका. नव्या कापसाच्या धाग्यावर मुळातच तेलकट मेण असतं, ते निघाल्याशिवाय कापड पाणी पीत नाही. ही सूचना पत्रकात अगदी खाली बारीक अक्षरात छापली आहे. ठळक काय छापलंय, तर हसणारं गोरं लेकरू.

आता खाऱ्या पाण्याचं. जाड शिवलेला पॅड बोअरच्या पाण्यात धुतला की त्यात क्षार बसतात. काही धुण्यांतच तो पापडासारखा कडक झाला आणि मूत आत न जाता वरूनच वाहायला लागलं. मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं, पाणी जड असेल तर वॉटर सॉफ्टनर बसवा. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते अन् हे लंगोटासाठी यंत्र बसवायला सांगतात. ते सोडून दिलं. मी काय करते ते सांगते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर टाकून फक्त पॅड अधूनमधून भिजवायचे, कव्हर नाही. नंतर शेवटचा हात गोड्या पाण्याचा. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी टाकीत धरून ठेवतो, त्यात तर कपडा असा मऊ निघतो की खाऱ्या पाण्याचा राग येतो. डाग घालवायला ऊन पुरे. शी लागलेला कपडा आधी गार पाण्यात, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. ओलाच उन्हात टाकला की पिवळा डाग आपोआप उडतो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कपडा दोरीवर टाकून दुसरा पिळेपर्यंत पहिला वाळायला आलेला असतो. कव्हर तेवढं सावलीत वाळवा, नाहीतर आतला थर तडकतो.

मालिश करून लेकराला तेलकट अंगानं डायपर घालू नका. खोबरेल पॅडवर बसलं की पॅड पाणी पीत नाही. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, यावर उपाय सांगितला. मालिश, मग आंघोळ, मग नुसतं बाळोतं, आणि डायपर दुपारनंतर.

त्या बाळोत्यांवरूनच मला पॅडची वाट सापडली. आईंचं जुनं सुती लुगडं, वर्षानुवर्षं धुवून मऊ झालेलं. त्याचे हातभर चौकोन कापले, कडा दुमडून टीप मारली. घडी घालून कव्हरमध्ये ठेवायचं, काढलं की उलगडून धुवायचं. एकेरी कापड असल्यानं क्षार अडकायला जागाच नाही. श्रावणात झड लागली की जाड पॅड दोन-दोन दिवस दमट राहून वास मारतात, हे एका रात्रीत पंख्याखाली वाळतं. रात्रीसाठी दोन घड्या एकावर एक ठेवते, वर फ्लॅनेलचा तुकडा. सकाळपर्यंत गादी कोरडी. पाचशेच्या डायपरमधला खरा कामाचा भाग लुगड्यानं केला म्हणायचा.

पत्रकात आणखी एक गंमत होती. 'बाळाचे संकेत ओळखा' असं लिहून चित्रं काढून दाखवलं होतं की झोपेतून उठल्यावर, दूध पिल्यावर लेकराला धरून बसवा. आईंनी चित्र पाहिलं. त्या रोज सकाळी पाय लांब करून बसतात, पोरीला पायांवर बसवतात आणि तोंडानं "स्सू" करतात. पोरगी करते. "हे शिकवाले पैसे घेतले का वं त्यायनं?" एवढंच विचारलं त्यांनी. पण एक सांगते, ज्यांच्या घरात आईंसारखं कोणी नाही, एकटी बाई अकोल्या-अमरावतीला भाड्याच्या खोलीत आहे, तिला ते पत्रक कामाचं आहे. मी टिंगल करणार नाही.

बाजारातले फेकायचे डायपर आणि हे, यात मला सगळ्यात मोठा फरक वाटला तो वेगळाच. पोरगी लहान असताना मला सारखी धास्ती, दूध पुरतंय की नाही. लेकरू रडलं की शेजारपाजारच्या बाया एका सुरात सांगतात, अंगावरचं पुरत नसेल, वरचं सुरू कर. आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा सेविकेनं, सांगितलं, बायांचं ऐकू नको, ओली बाळोती मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओली झाली आणि वजन वाढत असलं, तर दूध पुरतंय. सहा महिने पाणीसुद्धा वरून द्यायचं नाही. फेकायच्या डायपरमध्ये ओली झाली की जेली होणारी पूड असते, ती सगळं गिळून बसते, लेकरानं किती वेळा केलं ते कळत नाही. कापडात प्रत्येक वेळ हातात येते.

आणि आईंची मोजायची रीत माझ्याहून निराळी. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या की एकेक बाळोतं पिळताना देवाला एकेक गोष्ट सांगतात. मागत काही नाहीत. मिळालेलं सांगतात. "नळ आला, बाप्पा." पीळ. "पोरीनं पिवळी केली, पोट साजरं हाये." पीळ. "सुनेचा ताप उतरला." पीळ. "तुरीले फूल लागलं." सगळी बाळोती दोरीवर गेली की त्यांचा हिशेब संपला. गुरुवारी पोथी वाचतात, तेव्हासुद्धा त्यांना एवढं तल्लीन झालेलं मी पाहिलं नाही. मला ते जमत नाही पूर्ण. माझ्या तोंडात कधी खाऱ्या पाण्याला शिव्या असतात, कधी "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला". पण ज्या दिवसांत ओली बाळोती मोजून धास्ती जात होती, त्या दिवसांत दगडावर बसून मीही म्हटलंय, "सातवं झालं, बाप्पा." त्याला उपकार मानणं म्हणा की काही म्हणा.

गाडगेबाबांचं भजन आलंच आहे तर पुढचं सांगते, कारण आमच्या घरात ते डायपरच्या कामी आले. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे त्यांचं गाव. १८७६ चा जन्म, परिटाच्या घरातला. आमच्याकडे त्यांचा फोटो बैठकीत आहे, हाती खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे, अन् मग संध्याकाळी कीर्तन. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीची रीत मोडून दारू-मटण न करता गोड जेवण घातलेला माणूस. आमचे हे बाबांचे मोठे भक्त, पुण्यतिथीला २० डिसेंबरला सकाळीच मंदिर झाडायला जातात. तर मी एकदा ओली बादली आणून फोटोखाली ठेवली. म्हटलं, बाबांनी अख्ख्या गावाची घाण काढली, तुम्ही तुमच्या एका लेकीची काढा. हे हसले, पण बादली घेऊन गेले. तेव्हापासून रात्रीचे कपडे हे वावरात जायच्या आधी धुतात. सासरे पहिल्या दिवशी गप्प बसले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गडीमाणूस बाळोते धुते, लोक काय म्हणतीन?" आई आतून म्हणाल्या, "तुमच्या वेळी कोणी म्हटलंच नाई, तेच चुकलं."

हा विषय रिव्ह्यूत कशाला, असं कोणाला वाटेल. अहो, यातच तर सगळं आहे. निसर्गाच्या जवळचं संगोपन, धरतीमाता, रसायनमुक्त बालपण असं सगळं पाकिटावर छापलेलं असतं आणि ते पेलायला घरातली एकच बाई असते. कंबर बाळंतपणातून सावरलेली नसते, हाताला साबणाच्या भेगा. तुमच्याकडे धुण्याला दुसरे हात नसतील आणि पाणी टँकरचं असेल, तर खुशाल दहा रुपयांचा फेकायचा डायपर वापरा. तुम्ही कमी आई ठरत नाही. फक्त तो नाल्यात टाकू नका, नी जाळूही नका.

बाहेरगावी जाताना म्हणाल तर आम्ही अकोटमार्गे शेगावला गेलो तेव्हा कापडीच नेले. एसटीत गचके, दर्शनाची रांग लांब. दोन घड्यांचा कव्हरवाला डायपर रांग संपेपर्यंत टिकला. ओल्या कपड्यांची पिशवी खरंच वासबंद आहे, चेन चांगली आहे. महाप्रसादाला बसलो तेव्हा पिशवी मांडीजवळ होती अन् शेजारच्या बाईला पत्ता लागला नाही. लांबच्या रेल्वेच्या प्रवासाला मात्र फेकायचेच नेते. दीड दिवस ओले कपडे डब्यात घेऊन बसण्यात काही पुण्य नाही.

उन्हाळ्याचं एक राहिलं. मार्च संपला की दिवसा कव्हर बंद करा. आतल्या थरानं घाम येतो, घामोळ्या उठतात. दिवसभर नुसतं लंगोट किंवा उघडंच, कव्हर फक्त रात्री.

किती घ्यावेत? धुणं रोज असेल तर चार कव्हरं पुष्कळ होतात आणि लुगड्याची बाळोती पंधरा-वीस. सेटऐवजी सुटी कव्हरं मिळतात, तीच मागवा. एकरंगी घ्या, छापील डिझाइनचा रंग आमच्या उन्हात महिनाभरात उडाला. बटण तुटलं तर कंपनी नवं पाठवते म्हणते, पण आधी तुटलेलं त्यांना कुरियरनं पाठवायचं, तो खर्च आपला. ती प्लास्टिकची बटणं बसवायचं हत्यार दर्यापुरात मला मिळालं नाही. माझ्या एका कव्हरचं बटण गेलंय, तिथे मी वेलक्रो लावलाय. धुताना तो चिकटवून ठेवायचा, नाहीतर लुगड्याचे धागे ओढतो.