वादळात प्रीमियम सुइट: बिस्केच्या उपसागरातला अनुभव, नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात, मुलांच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत, आम्ही साउथहॅम्प्टनहून ७ रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, नवरा, ११ वर्षांची लेक, ६ वर्षांचा मुलगा आणि वेंगुर्ल्याहून आमच्याकडे राहायला आलेली माझी ७२ वर्षांची आई. स्पेनमधलं आ कोरुन्या, मग लिस्बन, विगो आणि परत, असा मार्ग होता. आई पहिल्यांदाच इंग्लंडला आली होती. तिला कसली म्हणून कमी पडू नये, या हौसेनं जहाजावरचा वरच्या वर्गाचा सुइट घेतला. बाल्कनीच्या साध्या खोलीच्या अडीचपट पैसे मोजले.

परतल्यावर त्याच आठवड्यात लिहायला घेतलं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात राग होता आणि आईच्या मनगटाला पट्टा. मग मार्चअखेरीस, आई परत जाण्याआधी, आम्ही दुसऱ्या एका जहाजानं जवळपास त्याच मार्गावर पुन्हा गेलो. या वेळी खालच्या मजल्यावरच्या दोन साध्या खोल्या घेतल्या. आता दोन्ही प्रवास शेजारी ठेवून बोलता येतं. सुइटमधल्या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. तो जहाजात कुठे होता, याबद्दल आहे.

आमचा सुइट होता १२व्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. बैठकीची खोली, दोन न्हाणीघरं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत काच आणि बाहेर मोठी बाल्कनी. बुकिंग करताना मी एजंटला स्पष्ट विचारलं होतं, "आईला बोट लागते, कोणती खोली बरी?" उत्तर मिळालं की सुइट मोठा असतो, त्यात हलणं जाणवत नाही. हे साफ चुकीचं आहे आणि यामुळेच मी हे सगळं लिहिते आहे. खोली केवढी आहे याचा हलण्याशी काहीही संबंध नाही.

मुलांचा सीसॉ आठवा. मधल्या टेकूजवळ बसलेलं मूल जेमतेम हलतं, टोकाचं मूल वर-खाली फेकलं जातं. समोरून लाट आली की जहाजही तसंच पुढे-मागे डोलतं. जवळपास ३०० मीटर लांबीच्या जहाजाच्या टोकाला त्या झोक्याचा पल्ला किती मोठा होत असेल, बघा. बाजूनं लाट आली तर जहाज डावी-उजवीकडे झुकतं, आणि तिथे जितकं वर तितका झोका मोठा. म्हणजे पुढचं टोक आणि वरचा मजला हे दोन्ही एकत्र आले, की त्या जहाजावरची सगळ्यात जास्त हलणारी जागा तयार होते. आणि बऱ्याच जहाजांवर सगळ्यात महागड्या खोल्या नेमक्या तिथेच असतात, कारण देखावा तिथून चांगला दिसतो.

"आता जहाजांना स्टॅबिलायझर असतात, काळजी नको," असंही आम्हाला सांगितलं गेलं. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले पंख. ते डावी-उजवीकडचं झुकणं चांगलंच कमी करतात. पुढे-मागे आपटणाऱ्या जहाजाला त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय त्यांना काम करायला जहाजाला वेग लागतो, आणि समोरून मोठ्या लाटा येऊ लागल्या की कॅप्टनला वेग कमी करावा लागतो.

बिस्केचा उपसागर म्हणजे फ्रान्सचा पश्चिम किनारा आणि स्पेनचा उत्तर किनारा यांच्यामधला समुद्र. अटलांटिकमध्ये शेकडो मैल दूर उठलेल्या लाटा मध्ये कसलाही अडसर नसल्यानं थेट इथे येतात. खोल भागात तळ ४,००० मीटरच्याही खाली आहे आणि फ्रान्सच्या बाजूला तो एकदम चढून २०० मीटरच्या आत येतो. साउथहॅम्प्टनहून स्पेन-पोर्तुगालला जायचं तर हा उपसागर ओलांडावाच लागतो, आणि ऑक्टोबर ते मार्च हा त्याचा खवळलेला काळ. तिकीट काढताना मी यातलं काहीच वाचलं नव्हतं. नवरा मात्र बीबीसीच्या रेडिओ ४ वरचं शिपिंग फोरकास्ट, म्हणजे जहाजांसाठीचा हवामानाचा अंदाज, ऐकतो. त्यात समुद्राचे भाग पाडलेले आहेत आणि बिस्के हा त्यातला एक. त्याच्या शेजारच्या भागाचं फिनिस्टर हे जुनं नाव २००२ साली बदलून फिट्झरॉय ठेवलं. १८५४ साली ब्रिटनचं हवामान खातं ज्यांनी सुरू केलं ते हे अ‍ॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय. निघायच्या आदल्या रात्री दोन्ही भागांसाठी ९ क्रमांकाच्या वाऱ्याचा इशारा होता. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात ९ म्हणजे ४१ ते ४७ नॉट, ताशी साधारण ७५ ते ८८ किलोमीटर. तरी आम्ही निघालो, कारण जहाज निघणारच होतं आणि आपण गेलो नाही तर पैसे बुडणार होते.

पहिली रात्र इंग्लिश चॅनलमध्ये शांत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रान्समधल्या ब्रिटनीचं टोक मागे पडलं आणि जेवताना पाण्याचा ग्लास टेबलावरून आपोआप सरकला. मुलगा खूश झाला. चारच्या सुमाराला बाल्कनीची दारं बाहेरून आवळून बंद करायला कर्मचारी आले. पोहण्याच्या तलावातलं पाणी उपसलं, उघडे डेक बंद केले आणि जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवल्या. त्या पिशव्या पाहून आई गप्पच झाली.

आईला "बोट लागणं" हा शब्द पुस्तकातून मिळालेला नाही. लहानपणी ती वेंगुर्ल्याहून मुंबईला आगबोटीनं गेलेली आहे. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपाशी जायचं आणि वर चढायचं. पावसाळ्यात त्या बोटी बंद असत, समुद्राचा रागरंग ओळखूनच. रेवसजवळ १७ जुलै १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट तिनं तिच्या वडिलांकडून ऐकली होती. त्या रात्री ती काही बोलली नाही, पण तिच्या मनात तीच बोट होती, हे तिनं मला डिसेंबरात सांगितलं.

रात्री नऊनंतर जहाजाचं पुढचं टोक उचललं जायचं, क्षणभर अधांतरी थांबायचं आणि मग धाडकन पाण्यावर आपटायचं. आम्ही त्या टोकावरच होतो, त्यामुळे प्रत्येक आपटीचा हादरा पलंगातून पाठीत यायचा. पडदे भिंतीपासून हातभर सुटून लोंबकळायचे. कपाटात हँगर एकमेकांवर आपटत होते, छताच्या पट्ट्या करकरत होत्या. लेकीला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ आईला, मग मला. दोन न्हाणीघरांचा तेव्हा खरा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगते.

आणि त्याच न्हाणीघराकडे जाताना आई पडली. हे मोठ्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. छोट्या खोलीत पलंगापासून दरवाजापर्यंत कुठेही हात लांबवला तर भिंत लागते. आमच्या सुइटमध्ये पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पाच-सहा पावलं मोकळी जमीन होती, धरायला काही नाही, मध्ये काचेचं टेबल आणि पुढे गुळगुळीत संगमरवर. जहाज कललं आणि ती मनगटावर आली. जहाजावरच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर आणि नर्स दोघंही फार मायेनं वागले. बिल मात्र खासगी असतं. आईचा मुंबईहून काढलेला विमा होता, त्यात क्रूझ धरलेली होती म्हणून दोन महिन्यांनी पैसे मिळाले. आई-वडिलांना नेणार असाल तर विम्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे आधी पाहा. स्पेन-पोर्तुगालसाठी लागणारा शेंगेन व्हिसाही भारतातूनच काढून आणायला सांगा, तोही मल्टिपल एंट्रीचा.

आमच्या सुइटची देखभाल करणारा मुलगा गोव्याचा होता. गोव्यातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आहेत. त्याचे आजोबाही तारवटीच होते, असं त्यानं सांगितलं. तो रात्री एकदा आणि पहाटे एकदा येऊन गेला. हिरवी सफरचंदं, कोरडी बिस्किटं आणि आल्याचा चहा घेऊन आला. आई म्हणाली, "माका काय्येक नको." तो तिच्या पलंगाशी खाली बसला आणि म्हणाला, "रितें पोट बरें न्हय, मावशे." त्यानं तिला एक-एक घास भरवल्यासारखं बिस्किट खायला लावलं. मग त्यानंच सुचवलं की सुइट सोडा, खाली पाचव्या मजल्यावर मध्यभागी मोठा हॉल आहे, तिथल्या सोफ्यावर झोपा. आम्ही पहाटे तीनला उशा-पांघरुणं घेऊन खाली गेलो. तिथे आमच्यासारखी पंधरा-वीस माणसं आधीच झोपलेली होती. अर्ध्या तासात आईच्या उलट्या थांबल्या. त्याच जहाजात, त्याच वादळात, फक्त सात मजले खाली आणि मधोमध. अडीचपट पैसे देऊन घेतलेली खोली वर रिकामी पडून होती.

सकाळी घोषणा झाली की आ कोरुन्याच्या बंदरात शिरणं सुरक्षित नाही, जहाज थेट लिस्बनला जाईल. तिथला रोमनांनी बांधलेला आणि अजून चालू असलेला हर्क्युलिसचा दीपस्तंभ लेकीला बघायचा होता, शाळेत त्यावर तिनं प्रकल्प केला होता. ती रडली. पण कॅप्टनचा निर्णय बरोबर होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. बंदर गाळण्याचा अधिकार तिकिटाच्या अटींतच असतो. पैशांचं म्हणाल तर बंदराचा कर परत मिळाला, तो अगदी किरकोळ. जहाजामार्फत ठरवलेल्या सहलीचे पूर्ण पैसे मिळाले. विगोत स्वस्त पडते म्हणून मी परस्पर टॅक्सी ठरवली होती, तशीच आ कोरुन्यातही ठरवली होती. आ कोरुन्याच्या टॅक्सीची आगाऊ रक्कम गेली. त्यामुळे हिवाळ्यात बिस्के ओलांडून येणाऱ्या पहिल्या बंदरात तरी सहल जहाजामार्फतच घ्या.

एजंटच्या चुकीच्या सल्ल्याबद्दल मी लेखी तक्रार केली. तीन महिने पत्रव्यवहार चालला आणि शेवटी पुढच्या बुकिंगवर थोडी सूट देऊ केली. ती मी घेतली नाही.

सुइटचं चांगलंही सांगायला हवं. चढताना वेगळी रांग होती, आईला ताटकळावं लागलं नाही. लिस्बनपासून समुद्र निवळला तेव्हा त्या काचेतून दिसलेली सकाळ मी विसरणार नाही. वेगळ्या जेवणघरातल्या आचाऱ्यानं आईसाठी रोज मऊ वरण-भात केला, तोही न सांगता, पहिल्या दिवशी एकदा विचारून. बैठकीची खोली असल्यामुळे एक आजारी असताना बाकीचे जागे राहू शकले. जून ते ऑगस्टमध्ये, शांत समुद्रात, मी असा सुइट आनंदानं घेईन.

मार्चमध्ये आम्ही नकाशा समोर ठेवून खोल्या निवडल्या: पाचवा मजला, जहाजाच्या बरोबर मध्यभागी, जिन्याजवळ. खिडकी छोटी, बाल्कनी नाही. बिस्केत या वेळीही ७-८ क्रमांकाचा वारा होता, ऑक्टोबरइतका नव्हे, पण लाटा चांगल्याच उंच. हलत होतं, पण पाळण्यासारखं. आपटणं नव्हतं. लेकीनं रात्री जेवण केलं. आई झोपली.

खोलीइतकाच फरक गोळीच्या वेळेनं पडला. घाटात एसटी लागू नये म्हणून अव्होमिन घेत आपण मोठे झालो, पण ती आम्ही ऑक्टोबरात उलट्या सुरू झाल्यावर घेतली आणि ती पोटात टिकलीच नाही. मार्चमध्ये जीपींना, म्हणजे आमच्या इथल्या नेहमीच्या डॉक्टरांना, विचारून आधीच गोळ्या ठरवल्या आणि समुद्र खवळायच्या दोन तास आधी घेतल्या. या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, त्यामुळे सत्तरीच्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आईनं सोबत सावंतवाडीचा आलेपाक आणला होता, तो सगळ्यांनी चघळला.

बाकी बारीक गोष्टी आम्ही आता सवयीनं करतो. हँगर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो, काचेचे ग्लास बेसिनमध्ये, चपला पलंगाखाली. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवतो. मळमळलं की मोबाइल बंद करून क्षितिजाकडे बघत बसायचं, कारण कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळे समोरच्या भिंतीला बघून सांगतात की नाही, या भांडणातूनच मळमळ येते. आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, हे आता माझा मुलगासुद्धा कोंकणीत म्हणून दाखवतो.

पुढच्या वर्षी आई पुन्हा यायची आहे. नॉर्वेच्या फ्योर्डला जाऊ या का, असं मागच्या रविवारी फोनवर विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खोली खालच्या माळ्यार असली तर मी येतंय." पाचव्या मजल्यावरच्या, मधल्या जिन्याजवळच्या दोन खोल्या काल धरून ठेवल्या आहेत.