२३ महिने, २६,८०० किलोमीटर: उतारावरचे न्यूट्रल, हलणारा आयडल आणि १८० रुपयांचा पाइप

गेल्या जुलैमध्ये कुंभार्ली घाट उतरत असताना माझी गाडी चालता चालता बंद पडली. पाऊस होता, एसी सुरू होता, आम्ही चौघे गाडीत होतो आणि नेहमीच्या सवयीप्रमाणे मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली होती. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा आरपीएमचा काटा ८००वरून खाली घसरला, किंचित थरथरला आणि शून्यावर गेला. मीटरमधले बॅटरीचे व ऑइलचे तांबडे दिवे एकदम लागले. ब्रेक दोनदा व्यवस्थित लागला, पण तिसऱ्यांदा दाबताना पेडल दगडासारखे घट्ट झाले, कारण ब्रेक दाबायला मदत करणारी ओढ इंजिन बंद पडल्यावर संपत जाते. मी तिसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीला हिसका बसला, इंजिन सुरू झाले आणि पुढच्या वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला मी गाडी उभी करू शकलो. कोणाला काही झाले नाही. मात्र आई घरी पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलली नाही. हा अनुभव लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअरची मॅन्युअल हॅचबॅक आहे. तिची मापे आणि सोयी येथे सांगत बसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये घेतली. आठवडाभर कराडमध्ये घर ते कार्यालय असे जेमतेम तीन किलोमीटर चालते, आणि महिन्यातून दोन-तीनदा पाटण, कोयनानगर, घाट, पोफळी असे करत चिपळूणला जाते. सीट चांगल्या आहेत, एसी उत्तम आहे, मागचे सस्पेन्शन थोडे कडक आहे. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही. मला बोलायचे आहे ते आयडलविषयी, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन स्वतःच्या बळावर ज्या फेऱ्यांवर चालत राहते त्याविषयी, कारण या एका गोष्टीने माझे पाच महिने खाल्ले.

उतारावर न्यूट्रल करण्याची सवय मला वडिलांकडून मिळाली. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि खंबाटकीचा उतार लागला की ते गिअर काढून घेत. त्या काळी हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाय काढल्यावरही चाके इंजिनला फिरवत राहतात, मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ वाढते आणि आयडलच्या जेटमधून पेट्रोल खेचले जातच राहते. फेऱ्या जितक्या जास्त, तितके जास्त. न्यूट्रल केल्यावर तेच इंजिन कमी फेऱ्यांवर, कमी पेट्रोलवर चालायचे. ब्रेकवर त्याचा जो भार पडायचा त्याचा हिशेब मात्र वडिलांनी कधी मांडला नाही, आणि मीही मांडला नाही.

घाटातल्या प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तेव्हा २१,३०० किलोमीटर झाले होते. जॉब कार्डवर मी दोन तक्रारी लिहून घेतल्या. पहिली, क्लच दाबल्यावर काटा ६००च्या खाली बुडतो आणि कधी कधी इंजिन बंद पडते. दुसरी, गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत असताना इंजिन ११००च्या आसपास रेस धरून ठेवते आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच ७५० वर येते. सर्व्हिस ॲडव्हायझरने कंप्युटर जोडला, एकही एरर कोड आला नाही आणि मला सांगण्यात आले, “साहेब, सगळ्याच गाड्यांना असं असतं.” मी आग्रह धरल्यावर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग, उघडली गेली. आतली झडप कडेने काळी झालेली मला दाखवण्यात आली. छोट्या छोट्या अंतरांवर चालणाऱ्या गाडीत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून, परत येणाऱ्या तेलकट वाफा तेथे बसतात, हे स्पष्टीकरण मला पटले. थ्रॉटल बॉडीची सफाई, न मागितलेली इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या भागांची) सफाई आणि मजुरी मिळून २,३४० रुपये घेतले गेले. गाडी वॉरंटीत होती, पण कार्बन साचणे हे देखभालीत मोडते, बिघाडात नाही, असे उत्तर मिळाले.

सफाईनंतर इंजिन बंद पडणे थांबले, पण नवा त्रास सुरू झाला. उभ्या गाडीत आयडल ९०० ते १३०० यांच्यामध्ये हलू लागला, म्हणजे काटा वर जाई, एकदम खाली येई आणि पुन्हा वर जाई. एसी लावला की हे झोके अधिकच वाढत. “दोनशे किलोमीटर चालवा, सेट होईल,” असे सांगण्यात आले. मी सहाशे किलोमीटर चालवली. सेट झाले नाही. दुसऱ्या भेटीत डिकार्बनायझिंगचे, म्हणजे इंजिनातला कार्बन काढण्याचे, आणखी साडेतीन हजारांचे काम सुचवण्यात आले. मी ते नाकारले आणि गाडी घेऊन परत आलो.

त्यानंतर मी ९०० रुपयांचा, ओबीडीच्या (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचण्याच्या) सॉकेटला लावायचा ब्लूटूथ ॲडॉप्टर घेतला आणि मोबाइलवर आकडे पाहायला सुरुवात केली. येथे माझे एक मत पूर्ण बदलले, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी पहाटेच्या रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. काटा १०५० वर स्थिर राहिला, आणि चाके थांबल्यावर दीड-दोन सेकंदांत खाली आला. बहिणीची गाडी वेगळ्या कंपनीची आहे. तिच्यातही आकडे थोडे वेगळे, पण वागणूक तीच दिसली. म्हणजे ज्या दुसऱ्या तक्रारीवरून मी सर्व्हिस ॲडव्हायझरशी अर्धा तास वाद घातला, तो बिघाड नव्हताच.

हे का होते ते समजून घेतल्यावर मला त्यातला शहाणपणा दिसला. या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल थ्रॉटलला जोडलेली नसते. पेडल केवळ संदेश देते आणि झडप मोटर हलवते. गाडी चालत आहे की उभी आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला, वेगाच्या सेन्सरवरून कळते. चालत्या गाडीत क्लच दाबला की फेऱ्या वेगाने कोसळतात, आणि नेमक्या त्या क्षणी एसीचा कॉम्प्रेसर किंवा रेडिएटरचा पंखा सुरू झाला तर इंजिन बंद पडू शकते. म्हणून गाडी सरकत आहे तोवर आयडल मुद्दाम थोडा वर ठेवला जातो. दुसरे कारण धुराचे आहे. झडप अचानक पूर्ण मिटली तर मॅनिफोल्डच्या भिंतींवर बसलेला पेट्रोलचा थर ओढीमुळे एकदम उडतो आणि न जळलेले इंधन बाहेर पडते, म्हणून झडप सावकाश मिटवली जाते. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना फेऱ्या लगेच उतरत नाहीत, हा अनेकांना खटकणारा अनुभव त्यातूनच येतो. मलाही तो अजून खटकतो, पण तो दोष म्हणून मी मांडणार नाही.

मात्र उभ्या गाडीतला झोका हा दोषच होता आणि तेथे सर्व्हिस सेंटर चुकले होते. शेवटी कराडजवळच्या मलकापुरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून मिनिटभर नुसते ऐकले आणि म्हणाले, “कुठून तरी हवा घेतेय साहेब.” मग त्यांनी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा एकेका रबरी पाइपच्या जोडावर थोडा थोडा मारला. क्रँककेसच्या वाफा मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या पाइपच्या वळणावर फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला. पाइप काढून वाकवला तेव्हा आतल्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. थ्रॉटल बॉडी काढताना तो पाइप ओढला गेला असावा, असे त्यांचे मत पडले. सफाईपूर्वी हा झोका नव्हता, त्यामुळे मलाही तेच संभवते वाटते. त्या चिरेतून थ्रॉटलला वळसा घालून हवा आत येत होती. ईसीयू फेऱ्या कमी करण्यासाठी झडप मिटत जाई, तरी फेऱ्या चढत. त्या हद्दीबाहेर गेल्या की पेट्रोल तोडले जाई, फेऱ्या कोसळत, पेट्रोल पुन्हा सुरू होई, आणि हे चक्र चालू राही. एरर कोड नाही म्हणजे बिघाड नाही, हे सर्व्हिस सेंटरमधले गृहीतक किती अपुरे आहे ते मला त्या चिरेने शिकवले.

पाइप १८० रुपयांचा होता. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली, जी सर्व्हिस सेंटरने करायला हवी होती. झडपेवर कार्बन साचत असताना ईसीयू हळूहळू झडप जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. सफाईनंतर ते जुने शिक्षण पुसावे लागते, नाहीतर स्वच्छ झडपेतून गरजेपेक्षा अधिक हवा जाते. त्यांनी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवला, पुन्हा जोडल्यावर गाडी दहा मिनिटे काहीही न लावता आयडलवर ठेवली, नंतर दहा मिनिटे एसीसह. (सर्वच गाड्यांत एवढ्याने भागत नाही, काही गाड्यांना स्कॅनरवरूनच हे काम करावे लागते.) त्या दिवसापासून उभ्या गाडीत आयडल ७४० ते ७७० आणि एसीसह ८५० च्या आसपास आहे. मजुरीचे त्यांनी २०० रुपये घेतले. मी ३०० दिले.

आता न्यूट्रलविषयी. ॲडॉप्टर हाताशी होता म्हणून मी घाटातही मोजणी केली, आणि आकडे वाचण्याचे काम प्रत्येक वेळी शेजारी बसलेल्या पत्नीने केले. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पेडलवरून काढून, २२०० फेऱ्यांवर उतरताना ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज शून्याजवळ जाऊन तेथेच थांबला. याचा अर्थ सिलिंडरमधून निव्वळ हवा बाहेर पडत होती आणि इंजेक्टर बंद होते. इंधनाचे इंजेक्शन असलेल्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल तोडतात आणि फेऱ्या साधारण १२०० ते १५०० पर्यंत उतरल्या की पुन्हा सुरू करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला फिरवायला चाके नसतात, म्हणून ते पेट्रोलवरच चालवावे लागते. माझ्या गाडीत हा खर्च तासाला सुमारे ०.७ लिटर दिसला. वीस मिनिटांच्या उतरणीला साधारण २३० मिलिलिटर, म्हणजे पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर २४ रुपये होतात. ज्या बचतीसाठी मी आयुष्यभर गिअर काढत आलो, ती बचत या गाडीत उलटी होती.

याला एक अपवाद आहे. पाटण ते कोयनानगरसारख्या रस्त्यावर जेथे उतार अगदी सौम्य आहे, तेथे गिअरमधली गाडी इंजिनाच्या ओढीने लवकर मंदावते आणि पुन्हा पेडल दाबावे लागते. न्यूट्रलमध्ये ती बरीच पुढे जाते. तेवढ्या भागात न्यूट्रल किंचित कमी पेट्रोल खात असेलही. माझ्या टाकी ते टाकी नोंदीत जुन्या सवयीने १९.६ आणि गिअरमध्ये राहून २०.१ असा ॲव्हरेज आला. हा फरक इतका लहान आहे की पंपावर टाकी किती काठोकाठ भरली यावरही तो पडू शकतो, म्हणून त्यावरून मी कोणताही दावा करत नाही.

ब्रेकचा हिशेब मात्र निःसंशय आहे. माणसांसह अकराशे किलोची गाडी साधारण ५०० मीटर खाली आणायची म्हणजे जी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते, ती सोळा-सतरा लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी उरलेला मोठा भाग गिअरमध्ये असताना इंजिन आणि ब्रेक वाटून घेतात; न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर पडतो. पोफळीला उतरल्यावर येणारा तो करपट वास मी कित्येक वर्षे घाटाचाच वास समजत होतो. पुण्यातल्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जड वाहने न्यूट्रलमध्ये सोडू नका असे वारंवार बजावले जाते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका अनियंत्रित अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. ती बातमी वाचताना ही गोष्ट ट्रकवाल्यांची आहे असे मला वाटले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हे एसटीचे जुने चालक सांगत आले आहेत, आणि माझ्या छोट्या गाडीलाही ते तितकेच लागू आहे.

सर्व्हिस सेंटरला मी पाइपचे छायाचित्र आणि बिल जोडून ईमेल पाठवला. इंजेक्टरच्या सफाईचे पैसे परत मागितले, कारण ते काम मी सांगितले नव्हते. वाहन मानकांनुसार आहे, एवढेच उत्तर आले. पैशांपेक्षा मला याचे वाईट वाटते की सफाईनंतर आयडल पुन्हा शिकवावा लागतो हे तेथे कोणी सांगितले नाही आणि बहुधा केलेही नाही. तेथे रोज कितीतरी गाड्यांची थ्रॉटल बॉडी साफ होत असेल आणि “दोनशे किलोमीटर चालवा” हे वाक्य ऐकून माणसे घरी जात असतील.

गाडीवर माझा राग उरलेला नाही. तिने १९-२० चा ॲव्हरेज दिला आहे आणि घाट सोडल्यास एकदाही रस्त्यात उभे केलेले नाही. कंपनीने मात्र एक काम करावे. मालकाला दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत टायर बदलण्यापासून गाडी ओढून नेण्यापर्यंत सर्व काही आहे, पण चालत्या गाडीत आयडल वर राहतो, उतारावर गिअरमध्ये पेट्रोल तुटते आणि इंजिन बंद पडल्यास ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच असते, या तीन गोष्टी मला तीत सापडल्या नाहीत. अर्ध्या पानात त्या बसतील. यापुढे तो पाइप मी दर १०,००० किलोमीटरला हाताने वाकवून पाहणार आहे. मागच्या रविवारी पाहिला, शाबूत आहे. त्याच दिवशी आईला घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो. इंजिनाचा आवाज जरा मोठा येत होता, तेव्हा तिने विचारले की गाडीला काही झाले आहे का. मी नाही म्हणालो, आणि पोफळीला थांबून डिस्कजवळ हात नेऊन पाहिला तर धग सोसण्याइतपत होती.