प्रागमध्ये चारशेवीस

आमचे हे सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशियर होते. नोटांची थप्पी हातात घेतली की न मोजता सांगायचे, एक कमी आहे. आणि मी मंडईत गेले की भाजीवाल्याने "चाळीस" म्हटल्यावर "कशाचे? पावशेरचे का अर्ध्या किलोचे?" हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. हे आधीच सांगितलं, कारण आम्ही दोघं नेमके त्याच दोन गोष्टींत फसलो. हे नोटांत, मी वजनात.

लेक म्युनिकला असते. २०२४च्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. तिला रजा नव्हती, म्हणून आम्हीच दोघं बसने प्रागला गेलो, जेमतेम पाच तासांचा रस्ता. निघताना तिने बजावलं होतं, "बाबा, तिकडे युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यावरच्या दुकानात पैसे बदलू नका, कार्ड वापरा." कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतंही. पण ह्यांना खिशात रोख नसली तर चालताना तोल जातो.

चार्ल्स पुलावरून जुन्या शहराच्या चौकाकडे जाणारी जी अरुंद, वळणावळणाची वाट आहे, तिथे पावलागणिक पैसे बदलून देणारी दुकानं. एका दुकानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कमिशन ०%. खाली दोन रकाने, 'वी बाय' आणि 'वी सेल'. ह्यांनी 'सेल'चा रकाना बघितला, तिथे आकडा पंचविसाच्या आसपास. "आपण युरो विकतोय ना? मग सेल," असं मलाच समजावलं. आता सांगताना हे स्वतःच कपाळावर हात मारतात. पाटी दुकानदाराची, तेव्हा 'आम्ही विकतो' म्हणजे तो विकतो. तो आपल्याकडून घेणार तो भाव 'बाय'च्या रकान्यात. तिथे होतं १९.२०.

३०० युरो आत सरकवले. बाहेर ५,७६० कोरुना आले. ह्यांनी नोटा दोनदा मोजल्या, उजेडात धरून धागा बघितला. ५००च्या नोटेवर एक बाई दिसल्या. बोझेना न्येम्त्सोवा, चेक लेखिका. नोटेवर लेखिका बघून मी हरखले आणि हे म्हणाले, "बरोबर आहेत." मोजण्यात काडीची चूक नव्हती. त्या दिवसाचा खरा दर २४.७०च्या घरात होता, म्हणजे हातात ७,४०० यायला हवे होते. १,६५० कोरुना, आपले सहा हजार रुपये, काचेपलीकडेच राहिले. पावतीवर वेळ छापली होती, ११:०८. त्या वेळेकडे आम्ही पाहिलंच नाही. हा आकडा लक्षात ठेवा.

तिथून चौकात आलो. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे शिष्य एकेक करून दर्शन देऊन जातात, खाली सांगाडा घंटा ओढतो. बाराचे ठोके बघायला आम्ही पाऊण तास माना वर करून उभे.

मग जेवायला बसलो, आणि बसलो ते बसलोच. ह्या जेवणाचा मला आजही पश्चात्ताप नाही. चौकापासून दहा मिनिटं आत चालत गेलं की पाट्यांवरचं इंग्रजी कमी होतं आणि भावही उतरतात. तिथे कुलायदा नावाचं सूप घेतलं. आंबट सायीत अळंबी, बटाटा, भरपूर शेपू, वर उकडलेलं अंडं. शेपू बघून नाक मुरडणाऱ्या ह्यांनी वाटी पुसून खाल्ली. मला ते अळंबी घातलेल्या दाट कढीसारखं लागलं. मग स्माझेनी सीर, म्हणजे चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, शेजारी बटाटे आणि टार्टर सॉस. आणि शेवटी ओवोत्स्ने क्नेदलीकी. ही आपल्या उकडीच्या मोदकाची तिकडे दिलेली बहीण. पिठाच्या गोळ्यात अख्खं जर्दाळू भरून उकडायचं, वरून वितळलेलं लोणी, साखर आणि चक्क्यासारखं त्वारोह. ह्यांनी प्ल्झेनची बिअर घेतली, मग दुसरी घेतली. टेबलावर न मागता पावाची टोपली आली होती, ती मात्र मी हात न लावता परत पाठवली. तिचे पैसे लागतात हे लेकीने सांगितलं होतं. ३० कोरुना वाचवल्याचा मला केवढा अभिमान वाटला!

हॉटेलवर पोचलो तेव्हा तीनला दहा कमी. रिसेप्शनवरच्या मुलीला ह्यांनी सहज विचारलं, आज युरोचा भाव काय? तिने सांगितला. ह्यांचा चेहरा उतरला तसा तिने पावती मागितली, वेळ बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाली, "चाळीस मिनिटं उशीर झाला."

तेव्हा कळलं की एप्रिल २०१९पासून तिथे कायदा आहे. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत, काहीही कारण न देता, पावती घेऊन त्याच दुकानात जायचं आणि व्यवहार रद्द करून आपले पैसे परत घ्यायचे. दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. लोक फार नाडले जायला लागले म्हणूनच हा नियम केला. अडवणूक झाली तर तक्रार चेक नॅशनल बँकेकडे, कारण ह्या दुकानांवर देखरेख तिची. पावतीवर तीन तासांचं हे कलम बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेलंही होतं. आम्ही ती घडी घालून पाकिटात ठेवली होती, हिशेबासाठी.

तरीही आम्ही गेलो. दोन बिअर पोटात, साठीचा माणूस, दगडी फरसबंदीवर धापा टाकत. काउंटरवरच्या माणसाने पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवलं. अरेरावी केली नाही, हसलाही नाही. बाहेर येऊन हे म्हणाले, "त्या जुन्या घड्याळात बोहेमियन वेळ सूर्यास्तापासून मोजतात म्हणे. त्या हिशेबाने बघू का?" मला रडावं की हसावं कळेना.

रस्त्यात हटकून 'चांगला भाव देतो' म्हणणारे लोक असतात, त्यांचं तर नावच काढू नका. ते कोरुना म्हणून भलत्याच देशाच्या नोटा हातात ठेवतात, आणि हंगेरीच्या फोरिंटवर शून्यं बघून माणूस खूश होतो. तिथे पावतीच नसते, मग तीन तास कसले?

आता माझी पाळी. संध्याकाळी चौकात गेलो. लाकडी टपऱ्या, निखाऱ्यावर गोल फिरणारं अख्खं हॅम, धुराचा वास. पाटीवर ११९. मी मनात हिशेब केला, सव्वाचारशे रुपये, युरोपच्या मानाने ठीक. मी डुक्कर खात नाही, पण ह्यांना घरी सोवळं आणि बाहेर सगळं चालतं. "एक द्या," मी म्हणाले. त्या माणसाने सुरी घातली आणि कापतच राहिला. मला वाटलं, काय उदार मनाचा आहे! कागदी ताट काट्यावर ठेवलं. आकडा आला ४२०.

चारशेवीस. (आपल्याकडे ते कलम आता ३१८ झालं, पण आकड्याची अब्रू जायची ती गेलीच.) ११९ हा भाव १०० ग्रॅमचा होता. पाटीच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, माझ्या नखाएवढ्या अक्षरात. ४२० ग्रॅमचे ५०० कोरुना, अठराशे रुपये, पाव वेगळा. कापून झालेलं परत घेत नाहीत. मागे रांग, लोक बघतायत. शरमेपोटी पैसे दिले. जन्मभर पावशेर की किलो विचारणारी मी, परक्या भाषेत विचारायला लाजले. शेजारच्या टपरीवरची हालुश्की, म्हणजे कोबी घातलेले बटाट्याचे गोळे, तीही वजनावरच विकतात. तेवढं मात्र मी आधी विचारलं.

रात्री लेकीला फोन केला. ती चिडली नाही, हेच जास्त लागलं. तिने सांगितलं तेच इथे लिहिते. रोख हवीच असेल तर खऱ्या बँकेच्या एटीएममधून काढा, आणि मशीनने 'रुपयांत की कोरुनांत' विचारलं तर कोरुना दाबा, कार्डाने पैसे देतानाही तेच. रुपये दाबले की दर ते मशीन ठरवतं. दुकानात बदलायचेच असतील तर पैसे काचेखाली सरकवण्याआधी "३०० युरोचे हातात किती येतील" हे कागदावर लिहून मागा. खाण्याच्या टपरीवर वजनाची भानगड झाली तर पावती मागा आणि चेस्का ओब्खोद्नी इन्स्पेक्त्से, म्हणजे त्यांचं ग्राहक तपासणी खातं, तिथे तक्रार करता येते. आम्ही पावती मागितलीच नव्हती.

त्र्देल्निकबद्दल एवढंच. निखाऱ्यावर भाजलेली ती साखरेची पोकळ नळी 'जुनी बोहेमियन परंपरा' म्हणून विकतात. स्लोव्हाकियातल्या स्कालित्साच्या त्र्देल्निकला २००७ सालीच युरोपीय संघाची भौगोलिक ओळख मिळालीय, प्रागला ती अलीकडे पर्यटकांसाठी आली. ही फसवणूक मात्र मी आनंदाने दोनदा करून घेतली, आक्रोडाचा चुरा लावून.

शेवटच्या दिवशी ह्यांनी हॉटेलच्या मुलीकडून दोन शब्द पाठ करून घेतले. ट्राममध्येसुद्धा पुटपुटत होते. दुसऱ्याच एका टपरीपाशी छाती काढून उभे राहिले, एक बोट वर केलं आणि म्हणाले, "स्तो ग्रामू." शंभर ग्रॅम. माणसाने मान हलवली, दोन काप कापले, काट्यावर ठेवले. ११२ भरलं, १३३ कोरुना. पाव त्यांनी विकत घेतला नाही. सकाळच्या नाश्त्यातला एक रुमालात बांधून कोटाच्या खिशात घातलेला होता.