कोबोटूलबॉक्स: नाजूक विषयाच्या सर्वेक्षणासाठी कितपत उपयोगी?

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी दापोली-मंडणगड पट्ट्यात अल्पसंख्याकांविषयीची लोकांची मते कशी बदलत आहेत याचा अभ्यास मी करते आहे आणि त्यासाठी कोबोटूलबॉक्स ही मोबाइलवर सर्वेक्षणाची माहिती गोळा करण्याची प्रणाली वापरते. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये सुरू झालेली ही प्रणाली मदतकार्याच्या गरजांतून घडली असल्याने रेंज नसतानाही प्रश्नावली भरता येते, आणि रेंज मिळाली की भरलेले अर्ज पाठवता येतात. खाडीकाठच्या वाड्या हिंडणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र माझ्या दृष्टीने तिची खरी उपयुक्तता वेगळीच आहे. ओटीवर चार माणसे बसलेली असताना परधर्मीयांविषयीचे मत कोणी उघडपणे सांगत नाही. अशा वेळी निम्म्या लोकांना तीन साधी विधाने आणि उरलेल्यांना त्यांत एका नाजूक विधानाची भर घालून, 'यांपैकी किती पटतात?' एवढेच विचारायचे. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरकावरून नाजूक विधान पटणाऱ्यांचे प्रमाण काढता येते आणि कोणा एकाचे मत उघड होत नाही. कोबोत ही विभागणी यादृच्छिक पद्धतीने होते, परंतु त्यासाठी एक्सेलमधल्यासारखे सूत्र लिहावे लागते, आणि ते एकदाच चालेल अशी तजवीज केली नाही तर उत्तरदात्याचा गट मध्येच बदलू शकतो. एक्सेलची सवय नसलेल्यांना हा भाग किचकट वाटेल.

प्रश्न कोणते असावेत, हे अर्थात कोणतेही ॲप सांगत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या भारतातील धर्मांविषयीच्या २०२१ च्या अहवालात मुसलमान शेजारी नको म्हणणाऱ्या हिंदूंचे प्रमाण ३६ टक्के होते. पण कोकणात वाडी आणि मोहल्ला बहुतेक ठिकाणी आधीच वेगळे असतात, त्यामुळे हा प्रश्न येथे बराचसा काल्पनिक ठरतो. तुलनेसाठी तो जसाच्या तसा ठेवून मी त्याला जमीन विकण्याचा आणि बाजारातला गाळा भाड्याने देण्याचा प्रश्न जोडला आहे.

मराठी प्रश्नावली व्यवस्थित दिसते. ध्वनिमुद्रणाचीही सोय आहे, मात्र मोठ्या फायली पाठवण्यासाठी चांगले नेटवर्क लागते. ठिकाणाची नोंद घेण्याची सुविधा मी वापरतच नाही, कारण छोट्या वाडीत नकाशावरच्या एका ठिपक्यावरून घर, आणि घरावरून माणूस, सहज ओळखू येतो.