जयपूर फूट: पाऊल उत्तम, खरी कसोटी सॉकेटची

गुडघ्याखालून पाय कापावा लागला आहे आणि दिवसभर शेतात, गोठ्यात किंवा घरात अनवाणी वावर आहे, अशा माणसासाठी जयपूर फूट हा कृत्रिम पाय आजही निःसंकोच घ्यावा असा आहे. गुडघ्यावरून पाय गेला असेल, तर केवळ शिबिरात मोफत मिळतो म्हणून घेऊ नये; आधी गुडघ्याचा सांधा कोणता बसवणार ते विचारावं. आणि मधुमेहामुळे कातडीची जाणीव गेली असेल, तर मऊ लायनरशिवाय, म्हणजे आतल्या मऊ अस्तराशिवाय, तो घालूच नये.

या पावलाचा जन्म जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमाराचा. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा या दोघांचं हे काम. तेव्हा मिळत असे तो सॅच प्रकारचा पाय. त्याच्या टाचेत स्पंज, आत लाकडाचा ताठ गाभा आणि न हलणारा घोटा. वर बूट घातला जाणार हे त्यात गृहीतच धरलेलं. बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्याला तो आजही चांगला आहे. पण उकिडवं बसताना नडगी पावलाच्या पुढे झुकावी लागते. घोटा वाकलाच नाही की माणूस मागे कलंडतो. मांडी घालायला गेलं की ताठ पाऊल जमिनीला टेकून गुडघ्याला पीळ देतं. बूट काढला तर चालण्याचा तोल जातो, आणि बूट घालून ना देवळात जाता येत, ना चिखलात लावणी करता येत. म्हणून लोक पाय घ्यायचे आणि घराच्या कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्यांवर यायचे.

जयपूरच्या पावलात तो ताठ गाभाच काढून टाकला आहे. टाचेचा ठोकळा सच्छिद्र मायक्रोसेल्युलर रबराचा, पुढच्या पावलाचाही तसाच, आणि घोट्याच्या जागी हलक्या लाकडाचा ठोकळा. हे तिन्ही भाग टायरमध्ये वापरतात त्या दोऱ्याच्या पट्ट्यांनी आणि रबराच्या थरांनी बांधतात. तळाला टायरच्या धावेसारखं कणखर रबर, वरून कातडीच्या रंगाचं रबर. मग सगळं ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून वाफेच्या दाबाखाली व्हल्कनाइझ करतात, म्हणजे रबर तापवून पक्कं आणि एकजीव करतात. ठोकळे वेगवेगळे असल्याने पाऊल वर वाकतं, आत-बाहेर कलतं आणि थोडं फिरतंही. शेताच्या बांधावर तिरका पाय पडला तर पाऊल जमिनीशी जुळवून घेतं, गुडघ्याला पीळ बसत नाही. बोटं कोरलेली असल्याने चप्पल बसते.

हा नुसता कौतुकाचा विषय नाही, मोजमाप झालेलं आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅच, सिएटल आणि जयपूर ही तीन पावलं घालून चालणाऱ्यांचे जमिनीवर पडणारे बल मोजले गेले. धक्का शोषण्यात सॅच सरस ठरला. पण नैसर्गिक चालीच्या सर्वांत जवळ जयपूर फूट आला. आमच्या मते हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. कडक काँक्रीटवर दिवसभर उभं राहण्याचं काम असेल, तर सॅचच्या टाचेचा मऊपणा खरोखर उपयोगी पडतो.

आता सॉकेटबद्दल, कारण पाय टिकणार की अडगळीत जाणार हे तिथेच ठरतं. सॉकेट म्हणजे स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, ज्यात बसतो तो वाटीसारखा भाग. जयपूर पद्धतीत तो आणि नडगी मिळून एकच नळकांडं असतं, पाण्याच्या पाइपसारख्या एचडीपीई प्लास्टिकचं. आधी स्टंपवर पातळ मोजा चढवून हाडांच्या जागा कॉपीइंग पेन्सिलने (ओल्या प्लास्टरवर खूण उमटवणाऱ्या पेन्सिलने) खुणावतात. मग गुडघा किंचित वाकवून त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. सुकल्यावर काढलेल्या त्या कवचात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती बनवतात. या प्रतिकृतीवरचं कोरीवकाम हे खरं कौशल्य आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड पट्ट्यावर वजन पेलता येतं, म्हणून तिथलं प्लास्टर खरवडून काढतात. नडगीच्या हाडाची धार, स्टंपचं टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली लागणारा हाडाचा उंचवटा इथे वजन चालत नाही, म्हणून तिथे प्लास्टर वाढवतात. त्या उंचवट्याच्या खालूनच एक शीर जाते. तिच्यावर दाब आला तर झिणझिण्या येतात. शेवटी १३० अंशांच्या वर तापवून मऊ केलेला पाइप या प्रतिकृतीवर ओढतात आणि तिच्यावर घट्ट दाबून बसवतात.

गडबड इथेच होते. एचडीपीई थंड होताना चांगलंच आकसतं. पूर्ण थंड होण्याआधी साच्यावरून काढलं तर आकार वेडावाकडा होतो. एका दिवसात पाय देण्याची ख्याती ही या सेवेची मोठी ताकद आहे. लांबून आलेल्या मजुराची रोजंदारी आणि राहण्याचा खर्च वाचतो. पण शिबिरात रांग लांब असली की घाई होते, आणि ती प्लास्टर कोरण्यात आणि पाइप थंड होण्यातच होते. दुसरी अडचण रचनेतली आहे. नळी आणि पावलाचा लाकडी ठोकळा स्क्रूने एकदा जोडला की कोन सहज बदलता येत नाही. मॉड्युलर पायात मधल्या धातूच्या नळीचे स्क्रू फिरवून पाऊल थोडं आत-बाहेर, पुढे-मागे करता येतं. इथे स्क्रू काढून पुन्हा जोडावं लागतं. म्हणून जोडणी कायम करण्याआधी चालून बघण्याचा आग्रह धरा.

पाय ताब्यात घेण्याआधी या तपासण्या तिथेच करून घ्याव्यात. सरळ उभं राहून कमरेच्या दोन्ही हाडांवर कोणाला तरी हात ठेवायला सांगा. कृत्रिम पायाची बाजू सेंटीमीटरभर खाली असेल तर चालेल, त्याहून जास्त फरक असेल तर पुढे कंबर धरते. सॉकेटच्या काठाशी मोज्यावर पेनाने रेघ मारा आणि पाय उचला. रेघ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर आली तर सॉकेट सैल आहे. मग दहा-पंधरा मिनिटं चाला, पाय काढा आणि कातडी बघा. गुडघ्याच्या वाटीखाली लाली दिसली तर ठीक, तिथे ती यायलाच हवी. हाडाच्या उंचवट्यावर किंवा टोकाला लाली असेल आणि दहा मिनिटांत ओसरत नसेल, तर सॉकेट तिथे मोकळं करून घ्या. नेमकी जागा सापडत नसेल तर स्टंपवरच्या दुखऱ्या जागी लिपस्टिक लावून पाय घाला. आत जिथे डाग उमटेल तिथेच दाब आहे.

स्टंपचं टोक अधांतरी राहतंय का, हे तर बघायलाच हवं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला कणकेचा लहान गोळा सॉकेटच्या तळाशी टाका, पाय घालून पूर्ण वजन द्या. गोळा चपटा होऊन थोड्या जाडीचा उरला तर टोकाला हलका आधार आहे. जसाच्या तसा राहिला तर खाली पोकळी आहे. वरून आवळलेलं आणि खाली पोकळ अशा सॉकेटमध्ये टोकाला सूज साठते. आधी कातडी काळपट, टणक होते, मग तिच्यावर चामखिळीसारखे उंचवटे येतात आणि त्यातून पाणी झिरपू लागतं. मलम लावून हे बरं होत नाही. सॉकेट बदलल्यावरच होतं.

मोजमापाला जाण्याआधी स्टंप तयार हवा. जखम पूर्ण भरलेली, टाके निघालेले, सूज स्थिरावलेली. क्रेप बँडेज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तिरकं बांधायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. गोल-गोल वेढे दिले की टोक फुगतं. गुडघ्याखाली उशी घेऊ नये, आराम वाटला तरी. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडला तर चांगल्यातलं चांगलं सॉकेटही नीट बसत नाही. रोज थोडा वेळ पालथं झोपणं हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा व्यायाम आहे. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो, त्यामुळे पहिलं सॉकेट सैल होणार हे धरूनच चालावं. सैल झालं की एक मोजा वाढवायचा. मोज्यांवर मोजे चढवावे लागू लागले की नवीन सॉकेट घ्यायची वेळ आली. नुसतं पाऊल बदलून काही उपयोग नाही.

गुडघ्यावरच्या पायाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातानंतर जयपूर फूटवर पुन्हा नाचल्या, हे सर्वांना माहीत असतं. त्यांचा गुडघा शाबूत होता, हे मात्र लक्षात घेतलं जात नाही. गुडघा गेल्यावर अडचण पावलाची राहत नाही, सांध्याची आणि मांडीच्या सॉकेटची होते. एकाच आसाचा साधा सांधा उतारावर अचानक मुडपतो. ते टाळायला सांध्याला कुलूप लावलं तर पाय ताठ ठेवून, कंबर उचलत चालावं लागतं. एचडीपीई-जयपूर पद्धतीच्या पायांची होंडुरास, युगांडा आणि भारतातल्या रुग्णांवर झालेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नीट न बसणारी सॉकेट आणि मोडणारी पावलं याच तक्रारी पुढे आल्या. याच प्रश्नावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी आणि हा पाय मोफत देणारी जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती यांनी मिळून तेल मुरवलेल्या नायलॉनचा चार दांड्यांचा गुडघा केला. पाय सरळ असताना त्याच्या फिरण्याचा मध्य वर आणि मागे राहतो, म्हणून टाच टेकताना तो मुडपत नाही. वाकवला की मध्य सरकतो आणि पाऊल जमिनीला न घासता पुढे येतं. नायलॉनमध्येच तेल असल्याने वंगण लागत नाही आणि पाण्याने गंजही चढत नाही. गुडघ्यावरचा पाय घेत असाल तर असा अनेक आसांचा सांधा मागा. नसेल, तर पुनर्वसन केंद्रात मॉड्युलर पायासाठी थांबणं चांगलं.

मधुमेहींसाठी कडक प्लास्टिकचं सॉकेट थेट सुती मोज्यावर घालणं धोक्याचं आहे. टोचतंय हेच कळत नाही, आणि फोड आल्याचं संध्याकाळी मोज्यावरच्या डागावरून समजतं. आत ईव्हीएचं, म्हणजे फेसासारख्या मऊ प्लास्टिकचं, लायनर हवं. रोज रात्री हातातला आरसा धरून स्टंपची मागची बाजू आणि टोक बघायचं, साबणाने धुवून कोरडं करायचं. पाय घालण्याआधी तेल किंवा क्रीम लावायचं नाही. फोड दिसला तर तो भरेपर्यंत पाय बंद.

पावलाचा एक हलका पॉलियुरेथेनचा प्रकारही आहे. त्यासाठी इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचं तंत्रज्ञान वापरलं गेलं. रबराचं पाऊल जड लागतं, आणि वजन पायाच्या टोकाला असल्याने ते जास्तच जाणवतं; वृद्धांना हलकं पाऊल सोयीचं. पण उष्ण, दमट हवेत पॉलियुरेथेनचा फेस ओलाव्याने कमजोर होत जातो. कोकणात भातशेती करणाऱ्याने रबराचंच घ्यावं.

रबराचं पाऊल मोडतं ते ठरावीक जागी: लाकडी ठोकळा संपून पुढचं मऊ रबर सुरू होतं तिथे वरच्या बाजूला आडवी चीर पडते, किंवा बोटांच्या बेचक्यात फाटतं. चीर उथळ असताना दाखवली तर पाऊल बदलून भागतं. नळी आणि लाकूड जिथे जोडलेलं असतं तिथल्या स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की लाकूड कुजतं आणि चालताना खटखट आवाज येऊ लागतो. चिखलातून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा आणि उलटा टेकवून सावलीत वाळवा. डिझेल, रॉकेल आणि इंजिन ऑइलने रबर फुगतं, त्यामुळे पंप दुरुस्त करताना जपा. चुलीजवळ पाय ठेवू नका. प्लास्टिक वाकलं की सॉकेट गेलं. आणि हे पाऊल अनवाणी चालीसाठी जुळवलेलं असतं. उंच टाचेचा बूट घातला तर गुडघा पुढे ढकलला जातो, म्हणून सपाट चप्पलच वापरा.

जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडे हा पाय मोफत मिळतो, डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये ती सुरू केली. महाराष्ट्रात कृत्रिम पायांसाठी मुंबईत हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि सैन्यदलांसाठी १९४४ पासूनचं पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र. गावातल्या शिबिरात पाय घेणार असाल तर मोजमापाच्या आधीच तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: सॉकेट सैल झालं तर दुरुस्ती कुठे होईल, पाऊल फाटलं तर त्याच मापाचं दुसरं कोण देईल, आणि पुढचं शिबिर कधी आहे. पावलाचा नंबर आणि बाजू त्याच कागदावर लिहून घेतली, तर नवं पाऊल आणायला घरातला दुसरा कोणीही जाऊ शकतो.